शून्याच्या डावीकडे : ऋण संख्यांचा पहिला पाठ

लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही, असे प्राथमिक वर्गात मुलांना सांगितले जाते. इयत्ता सहावीत पूर्णांक संख्यांचा पाठ येताच त्याच मुलास ३ मधून ५ वजा करावयास सांगण्यात येते. कालचा नियम आज कसा मोडला, याचा उलगडा झाला नाही तर मूल चिन्हांचे नियम पाठ करते आणि गणिताची धास्ती घेते. म्हणून आरंभीच सांगावे की, तेव्हा आपणांजवळ केवळ शून्य व त्यापुढील संख्या होत्या. आता शून्याच्या अलीकडील संख्याही मिळाल्या आहेत.

ही कल्पना परकी नाही. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. दुकानातील उधारी ज्यास ठाऊक आहे, त्यास ऋण संख्येचा अर्थ समजण्यास वेळ लागत नाही.

शाळेच्या अंगणात फक्कीने एक सरळ रेषा आखावी. मध्यभागी शून्य, उजवीकडे समान अंतरावर १ ते १० व डावीकडे तशाच अंतरावर −१ ते −१० लिहावेत. −३ ही संख्या ‘उणे तीन’ अशी वाचावी. ‘वजा’ हा शब्द क्रियेसाठीच राखून ठेवावा. एकाच चिन्हाचे दोन अर्थ मिसळल्यानेच पुष्कळ घोटाळा होतो.

प्रथम लहानमोठेपणा पाहावा. ७ हा ३ पेक्षा मोठा, म्हणून −७ ही −३ पेक्षा मोठी, असे मुलास वाटते. अशा वेळी विहिरीचे उदाहरण द्यावे. काठ म्हणजे शून्य. पाणी काठाखाली ७ हात असेल तर ते ३ हात असतानाच्या पातळीपेक्षा खालीच असते. तद्वत रेषेवर जी संख्या उजवीकडे, ती मोठी.

नंतर मुलास रेषेवर चालावयास लावावे. पहिल्या संख्येवर उभे राहावे. बेरीज असल्यास तोंड उजवीकडे, वजाबाकी असल्यास डावीकडे करावे. दुसरी संख्या धन असेल तर तितकी पावले पुढे, ऋण असेल तर तितकी पावले मागे जावे. ३ − ५ करताना मूल −२ वर पोहोचते. ३ − (−५) करताना तोंड डावीकडेच असते. परंतु पावले मागे पडतात आणि मूल ८ वर येऊन थांबते. पाच रुपयांचे कर्ज माफ झाले म्हणजे स्थिती पाच रुपयांनी सुधारते, हे त्यास येथे पटवून द्यावे.

या पाठास खर्च नाही. मूठभर फक्की, मोकळे अंगण आणि मुलास चुकू देण्याइतका धीर शिक्षकांजवळ असला म्हणजे पुरे. नियम मात्र मुलांनी स्वतः चालून पाहिल्यानंतरच फळ्यावर लिहावेत. मग ते पाठ करावे लागणार नाहीत.