अन्न व कृषी संघटना आणि आपली भातशेती

मनुष्याच्या सर्व गरजांत अन्नाची गरज आद्य होय. वस्त्र जुने असले तरी चालते, घर गळके असले तरी एखादा पावसाळा निभावून नेता येतो. परंतु चूल पेटली नाही तर दुसऱ्या दिवसाची भ्रांत पडते. पेडणे व डिचोली महालांतील घराघरांत सकाळच्या प्रहरी उकड्या तांदळाची पेज पिण्याची जुनी रीत आहे. हा तांदूळ कोठे पिकला, त्याच्या बियाण्याचा इतिहास काय, आणि तो पिकविण्याच्या विद्येत साऱ्या जगाचा वाटा किती, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि आपला देश यांच्या दीर्घ सहकार्याची ओळख करून घेऊन त्याचा आपल्या शेतमळ्यांशी कोणता संबंध पोचतो, हे पाहावयाचे आहे.

स्थापना व ध्येय

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील हॉट स्प्रिंग्ज या गावी ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र जमले. युद्ध संपल्यावर जगाला पोटभर अन्न कसे मिळेल, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्याच वर्षी आपल्या देशात बंगालचा भीषण दुष्काळ पडला व त्यात सुमारे तीस लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. म्हणजे तेथे ज्याची चर्चा चालली होती, ते दुःख येथे प्रत्यक्ष रस्त्यावर मरून पडत होते. पुढे १६ ऑक्टोबर १९४५ रोजी कॅनडातील क्वेबेक शहरी ही संघटना स्थापन झाली. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरीही तो तिच्या संस्थापक सदस्यांपैकी एक आहे. संघटनेची मुख्य कचेरी १९५१ साली रोम येथे गेली. तिच्या स्थापनेचा दिवस १९८१ पासून जागतिक अन्नदिन म्हणून पाळला जातो.

संघटनेचे ब्रीदवाक्य 'फियात पानिस' असे लॅटिन भाषेत आहे. 'सर्वांना भाकरी लाभो' हा त्याचा आशय. यातील 'पानिस' हा शब्द आपणा गोमंतकीयांना वाटतो तितका परका नाही. त्याच मुळापासून पोर्तुगीज भाषेतील 'पांव' निघाला, आणि आपला पोदेर पहाटे भोंपू वाजवीत दारी आणतो तो पावही तोच!

ही संघटना म्हणजे धान्याचे मोठे कोठार आहे, असा कित्येकांचा समज असतो. तो बरोबर नाही. प्रत्यक्ष धान्य पुरविण्यासाठी १९६१ साली जागतिक अन्न कार्यक्रम ही निराळी यंत्रणा निर्माण झाली. मूळ संघटनेचे धन आहे ते विद्येचे. पिकांची गणना करणे, रोगराई व टोळधाडीची आगाऊ सूचना देणे, एका देशातील अनुभव दुसऱ्या देशास कळविणे आणि तज्ज्ञ पाठविणे, हे तिचे कार्य होय. धान्याचे पोते रिकामे होते. विद्या दिल्याने उणी होत नाही.

भारताने घेतले आणि दिले

१९४८ साली संघटनेने भारतात कार्यास आरंभ केला. परंतु हे सहकार्य एकतर्फी नव्हते. १९५६ ते १९६७ या काळात संघटनेचे महासंचालक होते बिनय रंजन सेन हे भारतीय गृहस्थ. बंगालच्या दुष्काळाच्या काळात मदतकार्याचा भार त्यांनी वाहिला होता. भूक म्हणजे काय, हे त्यांना केवळ आकड्यांवरून कळलेले नव्हते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६० साली, 'भूकमुक्ती मोहीम' सुरू झाली. उपासमार हे दैवाचे दान नसून मनुष्याच्या प्रयत्नाने दूर होणारे संकट आहे, हा विचार तिने देशोदेशी पोचविला. पुढे थोर कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनीही १९८१ ते १९८५ या काळात संघटनेच्या परिषदेचे स्वतंत्र अध्यक्षपद भूषविले.

या सहकार्यातील सर्वांत बोधप्रद प्रकरण तांदळाचे आहे. ओरिसातील कटक येथे १९४६ साली मध्यवर्ती भात संशोधन संस्था स्थापन झाली. आपल्याकडील 'इंडिका' जातीचे भात उंच वाढते व ऊन-पाऊस सोसते. परंतु खत अधिक दिले की त्याची काडी वाकून पीक आडवे होते. 'जपानिका' जातीचे भात खताला चांगले उत्तर देते. परंतु उष्ण प्रदेशातील हवामान त्यास मानवत नाही. या दोहोंचा संकर करून दोघांचे गुण एकत्र आणावे, अशी योजना डॉ. के. रामय्या यांनी पुढे मांडली आणि अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने ती कटक येथे सुरू झाली. तरुण स्वामिनाथन यांनीही १९५४ साली तेथे काही काळ काम केले. संकरित बियाणे निरनिराळ्या देशांस वाटण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य संकर फसले. दाणे वांझ निघाले, काही उगवून वाया गेले. तथापि जे थोडे टिकले, त्यांत तमिळनाडूतील 'एडीटी-२७' आणि मलायातील 'महसुरी' या जाती नावाजल्या. महसुरीचा संकर कटकला झाला, तिची निवड मलायात झाली, आणि तेथून ती पुन्हा भारतात आली. आज दुकानांतून 'सोना मसुरी' या नावाचा तांदूळ मिळतो, त्याच्या नावात व वंशात ही महसुरी आहे. आपल्या ताटातील भाताने समुद्रपर्यटन केले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे उदाहरण दुधाचे. १९७० साली 'दुधाचा महापूर' ही योजना सुरू झाली. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून मिळालेली दुधाची भुकटी व लोणीतेल फुकट वाटून न टाकता त्यांच्या विक्रीतून भांडवल उभारण्यात आले आणि ते सहकारी दूध संघांस देण्यात आले. डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखाली ही योजना इतकी यशस्वी झाली की, दूध उत्पादनात भारत जगात पहिला ठरला. दान घेतानाही स्वावलंबन कसे साधावे, याचा हा उत्तम धडा होय.

१९५०-५१ साली आपल्या देशात सुमारे पाच कोटी टन धान्य पिकले होते. २०२३-२४ साली ते तेहतीस कोटी टनांच्या वर गेले. याचे श्रेय प्रथम शेतकऱ्यांस, नंतर आपल्या शास्त्रज्ञांस. संघटनेचा वाटा साहाय्यकाचा. पुढे भारताने सुचविल्यावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ज्या नाचणीला आपण गरिबाचे धान्य म्हणून मागे सारले, तिचा जगाने गौरव केला!

आपल्या दोन महालांत

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि आपली शेती भारताच्या कृषिविकासाशी जोडली गेली. आपल्या पूर्वजांची विद्या मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. त्यांनी भातजमिनीचे तीन भेद ओळखले: डोंगरउताराची मोरड, मधली खेर, आणि खाडीकाठची खाजन. तेरेखोल, शापोरा व मांडवी यांच्या खाऱ्या पाण्यापासून खाजन जमीन राखण्यासाठी त्यांनी मातीचे बांध घातले, मानशी बसविल्या. भरतीच्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते. खारेपणा सोसणारे 'कोरगुट' भात या जमिनीत पिकत आले. मुक्तीनंतर 'जया' व 'ज्योती' या अधिक उत्पन्नाच्या जाती आल्या. तर जुन्या गोव्याच्या एला येथील कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून 'गोवा धान' मालिकेतील खारसहिष्णू जाती दिल्या. नव्या विद्येला जुन्या बियाण्याचा आधार लागतो, हे यावरून दिसेल. कोरगुट जपून ठेवणारे शेतकरी नसते, तर शास्त्रज्ञांनी निवड कशातून केली असती?

तिळारी प्रकल्पासाठी गोवा व महाराष्ट्र यांच्यात १९९० साली करार झाला. त्याचे पाणी कालव्यांनी पेडणे, डिचोली व बार्देश येथे यावे, हा हेतू. शेजाऱ्यांच्या सहकार्याचे हे आपल्या डोळ्यांसमोरील उदाहरण आहे. तथापि दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डिचोली महालात खाणींच्या मातीने कित्येक मळे बिघडले. बांध फुटला तर तो वेळेवर बांधावयास माणसे मिळत नाहीत. शेतांत रानडुकरे उतरतात, मजुरी परवडत नाही, म्हणून कित्येक कुणगे पडीक राहतात. आणि भाजीसाठी आपण बेळगावच्या ट्रकाची वाट पाहतो. पाणी दाराशी आणि शेत ओस, असे झाले तर ते पाणी काय कामाचे?

विद्यार्थी मित्रहो, २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी लोक भुकेले होते, असे या संघटनेनेच सांगितले आहे. तेव्हा पडीक शेत ही केवळ एका कुटुंबाची हानी नव्हे. बिनय रंजन सेनांसारखे कार्य प्रत्येकाच्या हातून होणार नाही, हे खरे. परंतु आपल्या गावात कोणत्या जातीचे भात कोण पेरतो, कोणती बियाणी नाहीशी झाली, कोणता बांध कमकुवत आहे, याची नोंद घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत करणे तुम्हांस अशक्य नाही. जगातील मोठ्या संघटनेचे कार्यही अखेर अशाच खऱ्या नोंदींवर उभे असते. आणि पानात घेतलेले शीत न टाकणे, हे तर आजच्या जेवणापासूनच करता येईल.