सायीची वाटी

सोन्या, परवा व्हिडिओ कॉलवर तू फ्रीज उघडलास तेव्हा दिसलं मला. रक्त गोठायला लागणाऱ्या फॅक्टरच्या बाटल्या आणि त्यांना खेटून तुझ्यासाठी वेगळी काढलेली सायीची वाटी. आधी हसू आलं, मग पोटात कालवलं.

आईला काही बोलू नकोस हं. हिमोफिलिया आपल्याकडून पोराला गेला, हे तिच्या मनातून अजून जात नाही. खेळायला सोडता येत नव्हतं, मग ती खायला घालत राहिली. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळायची आणि तू ओट्यावर बसून भजी खात बघायचास. ‘पळू नको, पडशील, बस इथंच’ हे मीही हजारदा म्हटलंय. तेव्हा दुसरं सुचत नव्हतं. आता तू बावीस वर्षांचा नि ८० किलोंचा झालास, पण ते बसणं काही सुटलं नाही.

मामाच्या लहानपणी फॅक्टर कुठला! गुडघा सुजला की बर्फ आणि रात्रभर कण्हणं. त्या पिढीतल्या कितीतरी जणांना हृदयविकाराचं वयच लाभलं नाही. म्हणून लोक म्हणायचे, याचं रक्त गोठत नाही, याला कसला अटॅक येतोय! अरे, पण रक्तवाहिनीत चरबी साचायला रक्त गोठावं लागत नाही. ती तुझ्यातही साचते, माझ्यातही. नियमित फॅक्टर घेणाऱ्याचं रक्त तर बऱ्यापैकी गोठतंच. आणि उद्या स्टेंट घालायची पाळी आली, तर रक्त पातळ करायच्या गोळ्या द्याव्या लागतात. ज्याचं वाहायचं आधीच थांबत नाही, त्याला! डॉक्टरांचीही तारेवरची कसरत होते रे.

बीपीचं तर त्याहून. हिमोफिलिया असलेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो आणि तुमच्या बाबतीत वाढलेला बीपी म्हणजे मेंदूत रक्तस्रावाची भीती. मामाची गोळी पन्नाशीत सुरू झाली, तीही डोकं दुखतंय म्हणून सहज मोजला तेव्हा. तू फॅक्टरला जातोस तेव्हा दंड पुढे करतोसच ना? मग त्याच दंडाला पट्टा बांधून घे. साखर आणि कोलेस्टेरॉलही एकदा बघून घे, बावीस हे काही लवकर नाही.

वजनाचा हिशोब तुला आवडतो तसा मांडते. फॅक्टर आठ ४० टक्क्यांनी वर आणायचा तर किलोमागे २० युनिट लागतात. साठ किलोंचा होतास तेव्हा १२०० पुरायचे, आता १६००. बाटल्या वाढल्या, शीर मात्र चरबीखाली लपली. मागच्या वेळी तिसऱ्या टोचणीला सापडली, तू ओठ चावत बसला होतास, मी बघत होते. घोट्यावरचा भार वेगळाच.

म्हणून चाल. पोहायला मिळालं तर उत्तमच, सायकलही चालेल. कबड्डी-कुस्तीचं नाव नको. जिमची हौस असेल तर आधी सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टला विचार. तिथं उपचाराला जायला रेल्वेत तुला आणि सोबतच्याला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, दाखला काढून ठेव. जंक्शनच्या गावचा असून एसटीने धक्के खात जातोस! भाकरी दोन खा, कडक भाकरी तुला आवडतेच, पण शेंगाचटणीवर तेलाची धार धरू नको. साय आईला विरजणात घालायला सांग. तूप कढवेल आणि मला पाठवेल, माझी काही तक्रार नाही.

आणि अंग दुखलं म्हणून दुकानदार देईल ती गोळी गिळू नकोस. गेल्या वर्षी एकाने डायक्लोफेनॅक हातात ठेवली होती, आठवतंय? पॅरासिटामॉल, तेवढंच. अ‍ॅस्पिरिन तर आपणहून कधीच नाही.

माझंही ऐक. वाहक बायकांचा फॅक्टरही कमी असू शकतो म्हणून मी माझा तपासायला दिलाय. इतकी वर्षं टाळत होते, तुलाच शहाणपण शिकवत होते.

रविवारी दुपारच्या गाडीने येतेय. स्टेशनवर घ्यायला चालत ये, गाडी काढू नको. पिशव्या मी उचलेन. घोट्यात रक्तस्राव सुरू होतानाची ती मुंग्या आल्यासारखी ऊब जाणवली तर मात्र फॅक्टर घे आणि घरीच थांब, मी रिक्षाने येईन.