धुक्यातील वाहतूक आणि दिव्यांची स्वतंत्र जोडणी

उसाचा हंगाम ऐन थंडीत भरात येतो. निरभ्र व निवांत रात्री जमिनीची उष्णता झपाट्याने निघून जाते, ओलसर हवा थंडावते आणि नदीकाठच्या बागायती पट्ट्यात पहाटे दाट धुके उतरते. नेमक्या याच वेळी उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे, दुधाचे कॅन संकलन केंद्राकडे आणि भाजीपाला बाजाराकडे निघालेला असतो. वर्षभर राबून पिकविलेला माल व तो नेणारा माणूस या दोहोंची सुरक्षितता त्या वेळी वाहनाच्या दिव्यांवर अवलंबून असते.

अलीकडे पुष्कळ शेतकरी ट्रॅक्टरला किंवा जीपला धुक्याचे दिवे, म्हणजे फॉग लॅम्प, बसवून घेतात. परंतु त्यांची तार बहुधा हेडलाइटच्या तारेतच गुंफली जाते. त्यामुळे हेडलाइट लावल्याखेरीज हे दिवे लागत नाहीत आणि ज्या कामासाठी पैसे खर्च केले, ते काम साधत नाही. हा दोष दूर करण्याची रीत येथे दिली आहे.

धुक्यात हेडलाइट का अडतो?

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. हेडलाइटचा उंच झोत या थेंबांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांकडे परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहिल्याचा भास होतो. धुक्याचा दिवा खाली बसविलेला असतो. त्याचा झोत रुंद व वरच्या बाजूस सपाट कापलेला असतो. त्यामुळे चालकाच्या नजरेसमोरील धुके फारसे उजळत नाही आणि रस्त्याची कड मात्र दिसते. काच पिवळी असली म्हणजे प्रकाश धुक्यातून अधिक आरपार जातो, ही समजूत बरोबर नाही. महत्त्व रंगाला नसून झोताच्या आकाराला व दिव्याच्या उंचीला आहे.

स्वतंत्र म्हणजे कशापासून स्वतंत्र?

धुक्याचे दिवे हेडलाइटपासून स्वतंत्र असावेत, परंतु मागील तांबड्या दिव्यापासून स्वतंत्र असू नयेत. हा या पाठातील मुख्य मुद्दा आहे. दिवे सरळ बॅटरीवरून घेतले, तर चालकास समोरचे दिसते आणि आपले सर्व दिवे लागले आहेत असे त्यास वाटते. प्रत्यक्षात मागील दिवा बंद राहिल्याने पाठीमागून येणाऱ्यास ट्रॉली दिसत नाही. म्हणून धुक्याच्या दिव्यांचे बटण पार्किंगच्या दिव्यांच्या तारेवरून घ्यावे. पार्किंगचे दिवे लागले की मागील तांबडा दिवा लागतो आणि त्यानंतरच धुक्याचे दिवे लावता येतात.

प्रवाहाचा हिशेब

१२ व्होल्टच्या बॅटरीवर ५५ वॅटचा एक दिवा सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो, दोन दिवे ९.२ अँपिअर घेतात. हेडलाइटचे दोन दिवेही जवळजवळ तेवढाच प्रवाह घेतात. दोन्ही जोड्या एकाच तारेवर आल्या म्हणजे भार दुप्पट होतो. बटण तापते, तारेचे वेष्टण मऊ पडते आणि चारही दिवे मंद जळतात.

यावर उपाय रिलेचा. विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. बोटाने लहानसे बटण दाबले की आतील चुंबक मोठ्या प्रवाहाचा मार्ग जोडतो. रिले हे काम वाहनात करतो. त्याच्या वेटोळ्यास ०.२ अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह पुरतो, त्यामुळे बटणावर व पार्किंगच्या तारेवर भार पडत नाही.

लागणारे साहित्य

१२ व्होल्ट, ३० अँपिअरचा चार अग्रांचा रिले व त्याची बैठक, १५ अँपिअरचा फ्यूज झाकणासह, दिव्यांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची व बटणासाठी १ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर; एक बटण; तारेच्या टोकांसाठी लग; तार ओवण्यासाठी लवचीक नळी; पत्र्याच्या छिद्रांसाठी रबरी कडी. घरगुती दिव्यांच्या जुन्या तारेचे तुकडे वापरू नयेत.

जोडणीची रीत

१. इंजिन बंद करावे. बॅटरीच्या ज्या अग्राची तार वाहनाच्या सांगाड्यास जोडलेली असेल, ती प्रथम काढावी. ती शेवटी बसवावी. असे केल्याने पान्हा सांगाड्यास लागला तरी ठिणगी पडत नाही.

२. धुक्याच्या दिव्यांची हेडलाइटच्या तारेतील जुनी जोडणी सोडवावी व उघडे राहिलेले टोक नीट वेष्टून टाकावे.

३. रिले पाणी व चिखल लागणार नाही अशा जागी बसवावा. त्याच्या अग्रांवर ३०, ८५, ८६ व ८७ हे आकडे इंग्रजीत कोरलेले असतात.

४. बॅटरीच्या दुसऱ्या अग्रापासून फ्यूजमधून जाड तार घेऊन ती ३० या अग्रास जोडावी. फ्यूज बॅटरीपासून एक वीत अंतराच्या आत असावा.

५. ८७ या अग्रापासून जाड तार दोन्ही दिव्यांस न्यावी. दिव्यांची दुसरी टोके सांगाड्यास जोडावीत. त्या जागेवरील रंग व गंज खरवडून धातू स्वच्छ करावा.

६. पार्किंगच्या दिव्याची तार टेस्ट लॅम्पने निश्चित करावी. तिच्यापासून बारीक तार बटणास व बटणापासून ८६ या अग्रास न्यावी. ८५ हे अग्र सांगाड्यास जोडावे.

७. सर्व तारा नळीतून ओवाव्यात. सायलेन्सर, पंख्याचा पट्टा व डिझेलची नळी यांपासून त्या दूर बांधाव्यात.

तपासणी

पार्किंगचे दिवे बंद असता धुक्याचे बटण दाबावे. दिवे लागता कामा नयेत. नंतर पार्किंगचे दिवे लावून बटण दाबावे. धुक्याचे दिवे व मागील तांबडा दिवा दोन्ही लागले पाहिजेत आणि हेडलाइट बंद राहिले पाहिजेत. इंजिन चालू ठेवून दिवे १५ मिनिटे जळू द्यावेत व मग फ्यूजची बैठक आणि सांधे हाताने तपासावेत. एखादा सांधा चटका देण्याइतका तापला, तर तो सैल आहे असे समजावे.

शेवटी सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर वाहन उभे करावे. झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे ४ इंच खाली पडावी. ही तपासणी भरलेली ट्रॉली जोडूनच करावी. दुचाकी ट्रॉलीचे ओझे ट्रॅक्टरच्या मागील भागावर येते, त्याचे नाक किंचित वर उचलले जाते आणि रिकाम्या स्थितीत बरोबर वाटलेला झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

घ्यावयाची दक्षता

फ्यूज वारंवार जळत असेल, तर त्याच्या जागी तारेचा तुकडा कदापि घालू नये. तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, म्हणजे बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. क्षणात तार लाल होते आणि जवळच डिझेल व मागे वाळलेले पाचट असते. दहा-वीस रुपयांचा फ्यूज वाचविण्यासाठी ट्रॅक्टर पणास लावणे शहाणपणाचे नव्हे.

पुष्कळ ट्रॅक्टरांत पार्किंगचे दिवे चावीवाचूनही लागतात. दोन धुक्याचे दिवे चालू राहिले, तर ७५ अँपिअर-तासांची बॅटरी चार तासांत निम्मी रिकामी होते. वाहन उभे करताना धुक्याचे बटण आठवणीने बंद करावे. धुके विरल्यावरही ते बंद करावे.

ज्या नव्या वाहनांत दिव्यांचे नियंत्रण संगणकाद्वारे होते, त्यांच्या मूळ तारा कापू नयेत. ते काम कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेतच करून घ्यावे. वाहनांच्या दिव्यांस केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत, म्हणून नवे दिवे बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गाळप सुरू होण्यापूर्वी गावातील ट्रॅक्टर एके सायंकाळी एकत्र आणवून ही तपासणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. प्रत्येक चालकास आपल्याच ट्रॉलीच्या मागे पन्नास पावले चालत जाऊन वळून पाहण्यास सांगावे. लोंबणाऱ्या उसाने तांबडा दिवा वा परावर्तक झाकला गेला असेल, तर तो तेथेच मोकळा करून घ्यावा. दाट धुक्यात कोणताही दिवा वेगाची भरपाई करीत नाही. जेवढे अंतर दिसते, तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवावा आणि तेही अशक्य झाल्यास वाहन रस्त्यापासून पूर्णपणे बाजूस घेऊन धुके विरेपर्यंत थांबावे. ऊस तासभर उशिरा पोचला तरी चालेल, चालक मात्र घरी सुखरूप परतला पाहिजे.