काम आणि विसावा

भर दुपारी आपण औत सोडतो. बैल सावलीला रवंथ करतात. मग पुन्हा नेटानं चालतात. माणसाचंही तसंच आहे.

शिरूर तालुक्यात रांजणगावला आणि दौंड तालुक्यात कुरकुंभला कारखाने आहेत. आपली पोरं तिथं पाळीवर जातात. रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो. तेव्हा घरात गलका करू नये.

जादा कामाचे पैसे मिळतात. पण रोजच जादा काम केलं, तर अंग मोडतं. नजर चुकते. हात यंत्रात सापडतो.

पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची एकजूट केली. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. अशी सुट्टी आपण पैशासाठी विकू नये. मुलांजवळ बसावे. विसावलेला माणूस कामात रमतो.