गटात राहावं की सोडावा?

प्रश्न : किलवणीतल्या आमच्या बचत गटातल्या बायका मनाने चांगल्या. पण कर्ज नेहमी अध्यक्षांच्या नात्यातच जातं. बोललं की अबोला. गट सोडू का?

उत्तर : ताई, एवढ्यात नको. १९५४ मध्ये तुमचा दादरा-नगर हवेलीचा प्रदेश पोर्तुगीजांकडून मुक्त करणाऱ्यांचं तरी कुठे एकमत होतं? आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट, प्रत्येकाची वाट वेगळी. तरी २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालंच.

नात्यागोत्यावर बोट ठेवलंत तर भांडण पेटेल. पुढच्या बैठकीत कर्जाची वही मोठ्याने वाचायला लावा. मागणीच्या तारखेप्रमाणे क्रम ठरवून इतिवृत्तात लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या. टाळाटाळ झाली तर खातं असलेल्या बँकेत विचारा. तरीही फरक पडला नाही, तर खुशाल सोडा; मात्र आधी आपली बचत हातात घ्या.