सुरतेने उद्यावर टाकलेली कामं

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. यंत्रमागांवर राबणारे खानदेश, ओडिशा, उत्तर प्रदेशातले कामगार मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. पन्नासहून अधिक माणसं दगावली. त्याआधी तापीला पूर येऊन गेला होता आणि सखल वस्त्यांत चिखल, कचरा, मेलेली जनावरं तशीच पडून होती.

ही घाण एका रात्रीत साठलेली नव्हती. तुंबलेली गटारं, न उचललेले उकिरडे सगळ्यांना वर्षानुवर्षं दिसत होते. काम काय आहे हे ठाऊक होतं आणि ते उद्यावर जात होतं. चालढकलीचं इतकं मोठं आणि इतकं उघडं उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

चालढकल म्हणजे आळस, असं आपण धरून चालतो आणि तिथेच निदान चुकतं. आळशी माणूस काहीच करत नाही. चालढकल करणारा दिवसभर राबतो, फक्त ते एक काम सोडून. सुरतेतल्या रिंग रोडच्या कापड बाजारातला व्यापारी पाहा. सकाळपासून ताके मोजतो, पार्सलं रवाना करतो, शंभर फोन घेतो. जीएसटीच्या विवरणपत्रासाठी लागणारी बिलं मात्र खणात पडून राहतात, कारण खण उघडला की दोन न जुळणाऱ्या रकमा समोर येणार हे त्याला माहीत असतं. मुदत टळली की रोजचे ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज चालू होतं. फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: माणूस काम टाळत नाही, त्या कामासोबत येणारी अस्वस्थता टाळतो. खण बंद ठेवला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्याचीच सवय लागते.

म्हणून सवय ओळखायची असेल तर स्वतःला ‘मी आळशी आहे का’ असं विचारून उपयोग नाही. कोणत्या कामाचं नाव निघालं की आपल्याला दुसरंच काहीतरी तातडीचं आठवतं, ते पाहावं.

सुरतेने या चालढकलीतून वाट काढली ती मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आल्यावर. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला निर्णयाचे अधिकार दिले. मग आपली फाईल वरच्या टेबलावर अडकली आहे, ही सबब उरली नाही. अधिकाऱ्यांनी सकाळी वातानुकूलित खोली सोडून रस्त्यावर जायचं आणि पाहिलेल्याचा हिशेब त्याच दिवशीच्या बैठकीत द्यायचा, असा शिरस्ता पडला. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले. १९९६ मध्ये ‘इन्टॅक’ या संस्थेने चंडीगडखालोखाल सुरतेला देशातलं सर्वात स्वच्छ शहर ठरवलं.

यातलं घरी नेण्याजोगं काय? माझ्या मते रोजची बैठक. काम करायला जिद्द लागते हे खरं, पण जिद्द दुपारपर्यंत ओसरते. संध्याकाळी कुणीतरी विचारणार आहे, ही जाणीव टिकते. डॅन अ‍ॅरिएली आणि क्लाऊस वेर्टेनब्रॉख या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्वतःच्या मुदती स्वतः ठरवणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा बाहेरून समान अंतराने मुदती लावून दिलेल्यांचे गुण चांगले आले. घरात बायकोला, भावाला किंवा मुनीमजींना सांगून ठेवावं: रोज रात्री जेवताना मला एवढंच विचारा, आजची बिलं लावली का?

दुसरी गोष्ट वेळेची. ‘या आठवड्यात करतो’ याला वेळ म्हणत नाहीत. ‘दुकान उघडल्यावर, पहिला फोन घेण्याआधी, खणातली वरची दहा बिलं’ ही वेळ झाली. कधी, कुठे, कसं हे आधी ठरलं की कामं जास्त पार पडतात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनातून दिसलं आहे.

सुरतेतल्या लिंबायत-उधन्याच्या यंत्रमाग कारखान्यांत काम तिथल्या तिथे उरकायला वेगळं शिकवावं लागत नाही. ताण्याचा एक धागा तुटला की कामगार माग थांबवतो, टोकं शोधून गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. गाठ पुढे ढकलली तर ताक्यात लांबच लांब रेघ पडते आणि तो माल कमी भावात जातो. मजुरी मीटरवर मिळत असूनही तो माग थांबवतो.

राव १९९७ च्या अखेरीस बदलून गेले. शिरस्ता त्यांच्यामागे चालू राहिला, कारण तो कुणा एकाच्या उत्साहावर उभा नव्हता. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक घेतला. घरातला शिरस्ताही असाच बसवावा लागतो. एखादा दिवस चुकला तर मागची सगळी बिलं एकदम काढायला बसू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरची दहाच घ्यावीत.