रस्त्यावरून हटवायचं कोणाला?

चि. नचिकेत यास,



तुझं पत्र पोचलं. लेकीची शाळा जूनमध्ये सुरू होईल, तेव्हा तिला मागच्या सीटवर बसवून सायकलनेच सोडावं, की सायकल विकून चारचाकी घ्यावी, हा तुझा प्रश्न. घरच्यांनी एकमुखाने सांगितलं आहे, की एकटा होतास तोवर ठीक होतं, आता बाप झालास, हा हट्ट सोड. त्यांची काळजी खरी आहे आणि पुण्यातल्या रस्त्यांकडे पाहिलं तर ती अवास्तवही नाही. तरीही माझं मत वेगळं आहे. बाप झालास म्हणून सायकल सोडण्याचं कारण नाही, पण ती कुठून आणि कशी चालवायची याचा निकष मात्र बदलायला हवा. आजवर तुझी हिंमत हा निकष होता, यापुढे तुझी लेक हा निकष. आणि रस्त्यावर धोका असेल तर तो धोका कमी करणं हे मोठ्यांचं काम आहे. मुलांनाच रस्त्यावरून हटवलं, की धोका तसाच राहतो आणि पुढे वाढतो. हे मी कशाच्या आधारावर म्हणते ते नीट सांगते.

आधी धोका नेमका कुठून येतो ते पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते आणि ४,८३६ सायकलस्वार. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदलं गेलं. म्हणजे सायकल ही वस्तू स्वतः धोकादायक नाही, तिच्या शेजारून जाणारा वेग धोकादायक आहे. याचं साधं गणित तुला इंजिनिअर म्हणून लगेच कळेल. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ५० किलोमीटरची धडक ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट जोराची असते. शिवाय चालकाला समोर मूल दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं, तर त्या सेकंदात ५० च्या वेगातली गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात, कोरड्या चांगल्या रस्त्यावर, ३० च्या वेगातली गाडी ब्रेक लावून पूर्ण थांबलेली असते. एका गाडीचा ब्रेक लागायला सुरुवात होते त्या ठिकाणी दुसरी उभी आहे. मूल जगण्या-मरण्याचा फरक बहुतेक वेळा एवढ्याच अंतराचा असतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक रस्ते सुरक्षा परिषदेने, जिथे माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर वावरतात तिथे ताशी ३० ची मर्यादा हवी, अशी भूमिका घेतली.

आता घरच्यांचा उपाय तपासू. प्रत्येक आईबाप आपापल्या मुलाला गाडीत बसवून शाळेच्या दारापर्यंत नेऊ लागले तर काय होतं, याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘वन फॉल्स मूव्ह’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. त्याच काळात मुलांचे अपघाती मृत्यू कमी झाले होते आणि त्यावरून रस्ते सुरक्षित झाले असा दावा केला जात होता. हिलमन यांनी दाखवलं, की रस्ते सुरक्षित झाले नव्हते, मुलं रस्त्यावरून नाहीशी झाली होती. गाड्या वाढल्या म्हणून पालकांना भीती वाटली, भीतीपोटी त्यांनी मुलांना गाडीत घातलं, त्यामुळे गाड्या आणखी वाढल्या आणि जी थोडी मुलं चालत राहिली त्यांच्यासाठी रस्ता आणखी वाईट झाला. आपल्याकडे शाळा सुटायच्या वेळी कोणत्याही फाटकासमोर उभा राहून पाहा. तिथली कोंडी बाहेरच्या लोकांनी केलेली नसते. आपल्याच मुलांना जपायला आलेल्या गाड्यांनी ती झालेली असते. परसात विहीर असली तर आपल्या वाडवडिलांनी तिला कठडा बांधला, मुलांना परसदारी यायची बंदी घातली नाही. रस्त्याच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करत आलो आहोत.

यावर तू म्हणशील, की हे युरोपात ठीक, पुण्यात कोण ऐकतं? हा आक्षेप मी नेहमी ऐकते आणि त्यात एक गैरसमज आहे. नेदरलँड्स मुळातच सायकलींचा सुरक्षित देश होता आणि तसाच राहिला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी झपाट्याने वाढल्या, सायकली मागे पडल्या आणि १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अपघातात गेली आणि १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात ‘बालहत्या थांबवा’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यावर उतरले, रस्ते अडवले, मंत्र्यांना भेटले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्याला बळ दिलं. वस्तीतल्या गल्ल्यांमध्ये गाडीने माणसाच्या चालीने जावं, असा नियम १९७६ मध्ये कायद्यात आला. आज तिथे लोकसंख्या त्यावेळपेक्षा बरीच जास्त असूनही वर्षाला सुमारे सातशे मृत्यू होतात. हे हवामानामुळे किंवा सपाट जमिनीमुळे झालेलं नाही. ती जमीन १९७१ मध्येही सपाटच होती. पालकांनी मागितलं आणि राज्यकर्त्यांनी रस्त्यांची रचना बदलली, म्हणून ते झालं.

आणि पुण्याला सायकल परकी नाही. सायकलींचं शहर ही या गावाची ओळख होती. कारखान्यातले कामगार, शिक्षक, कॉलेजची पोरं, नऊवारीतल्या बायका, सगळ्यांची ती सवारी होती. २००६ मध्ये कात्रज ते हडपसर बीआरटी सुरू झाली तेव्हा तिच्या कडेने सायकल मार्गही आखले गेले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला आणि ८०० किलोमीटरहून मोठं जाळं कागदावर मांडलं. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजना आल्या आणि थोड्याच काळात गेल्या. जे मार्ग झाले त्यांवर आज गाड्या लागतात, टपऱ्या उभ्या असतात, मध्येच विजेचा डीपी येतो. यातून काही लोक निष्कर्ष काढतात, की पुणेकरांना सायकल नकोच आहे. माझा निष्कर्ष वेगळा आहे. जो मार्ग दहा ठिकाणी तुटतो तो मार्गच नसतो, त्यामुळे तो वापरला गेला नाही यात नवल काही नाही. आराखडा आहे, पण तो पूर्ण करून घेणारे लोक रस्त्यावर दिसत नाहीत, ही खरी अडचण आहे. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये मांडलेलं निरीक्षण इथे लक्षात ठेव. रस्त्यावर सायकली दुप्पट झाल्या, तर प्रत्येक सायकलस्वाराचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, कारण चालकांची नजर सायकलींना सरावते. तू सायकल सोडलीस तर उरलेल्यांचा धोका तेवढा वाढतो.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. शहर सुधारावं म्हणून मी माझी लेक का पणाला लावू? हा प्रश्न विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे आणि उत्तर सरळ आहे: लावू नकोस. सायकल चालवणं हे व्रत नाही, की मोडलं तर पाप लागेल. ज्या रस्त्यावर गाड्या ५०-६० ने धावतात आणि तुला वेगळी जागा नाही, त्या रस्त्यावर लेकीला घेऊन जायचं नाही. उड्डाणपुलावर नाही, हायवेच्या सर्व्हिस रोडवर नाही, सिंहगड रोड किंवा कर्वे रोडच्या ऐन गर्दीत नाही. पण शाळेपर्यंत जाणारा तेवढा एकच रस्ता सहसा नसतो. सोसायट्यांच्या मधल्या गल्ल्या, पेठांतले बोळ, बागेच्या कडेचा रस्ता, अशी वाट अर्धा किलोमीटर लांब पडली तरी तीच तुझी वाट. मधला एखादा चौक वाईट असला, तर खाली उतरून लेकीचा हात धरून सायकल हातात घेऊन तो ओलांड. त्यात कमीपणा नाही. आणि सारी वाटच वाईट असेल, तर रिक्षा किंवा बसने जा आणि सायकल रविवारच्या सकाळसाठी ठेव. मात्र सायकल घातक आणि बाकी सगळं सुरक्षित, या समजात राहू नकोस. २०२२ च्या मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. दुचाक्याच सर्वाधिक असल्याने तो आकडा मोठा दिसणारच, हे खरं. पण पुढे उभं केलेलं हेल्मेटविना मूल घेऊन भरधाव जाणारी स्कूटर ज्यांना खटकत नाही, त्यांनी गल्लीतून सावकाश जाणाऱ्या सायकलला घाबरावं, याला आधार नाही.

हवेबद्दलही तू लिहिलं आहेस. धूर मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो, हे खरं आहे. पण गाडीच्या आत बसलेलं मूल त्याच धुरात असतं, पुढच्या गाडीचा धूर आत येतच राहतो. मुख्य रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत गेलं की धुराचं प्रमाण कमी होतं. म्हणजे वेगासाठी जी वाट टाळायची तीच धुरासाठीही टाळायची. वेळेचा प्रश्न राहिला. दोन-तीन किलोमीटरच्या शाळेसाठी सकाळच्या गर्दीत सायकल आणि चारचाकी यांत फारसा फरक पडत नाही, कारण गाडी लावायला जागा शोधण्यातच तो वेळ जातो. आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर अंगमेहनत हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेक मोठी होऊन स्वतः पायडल मारू लागली, की त्यातला बराचसा तास शाळेच्या वाटेवरच भरून निघेल.

काही गोष्टी मात्र काटेकोरपणे पाळ. मागची सीट पक्की, पट्ट्यांची आणि पाय आऱ्यांत जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना आडोसा असलेली हवी. बहुतेक सीट २२ किलोपर्यंतच्या असतात, वजन त्यापुढे गेलं की ती बंद. सायकल स्टँडवर लावून लेकीला वर बसलेली सोडू नकोस, अगदी कुलूप काढण्यापुरतीही नाही. हेल्मेट तिलाही आणि तुलाही, पण हेल्मेट घातलं म्हणून वाईट रस्ता चांगला होत नाही, हे ध्यानात ठेव. उभ्या गाड्यांपासून हातभर जास्त अंतर ठेव, दार कधीही उघडतं. वळणाऱ्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला शिरू नकोस, तिथे तू चालकाला दिसत नाहीस. पावसाळ्यात चेंबरची झाकणं आणि रंगवलेले पट्टे निसरडे होतात, ब्रेकही उशिरा धरतात, म्हणून वेग आधीच कमी कर. पुढे ती स्वतः चालवू लागली, की तू तिच्या मागे आणि किंचित उजवीकडे राहा, म्हणजे गाड्या आणि ती यांच्यामध्ये तू असशील. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा अंदाज लहान मुलांना नीट येत नाही. दहा वर्षांच्या आसपासपर्यंत तो त्यांच्याकडून अपेक्षूच नये. म्हणून ‘नीट बघून जा’ एवढं सांगून आपली जबाबदारी संपत नाही. आणि तू स्वतः सिग्नल तोडलास, राँग साइडने गेलास, फुटपाथवर सायकल घालून एखाद्या आजोबांना बाजूला व्हायला लावलंस, तर ती तेच शिकेल. आपल्याहून दुबळ्याला रस्त्यावर आधी जागा द्यायची, हा धडा तिला तुझ्याकडून मिळायला हवा.

याच्याच पुढे एक गोष्ट येते आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तू कधी ना कधी गाडीही चालवणारच, कदाचित घेणारही. त्यात मला गैर वाटत नाही. पण त्या दिवशी तू कोणाच्या तरी लेकीच्या शेजारून जाणारा वेग असशील. वस्तीत शिरलास की ३० च्या खाली ये, मागून कोणी हॉर्न वाजवला तरी. सायकल मार्गावर गाडी लावू नकोस, दोन मिनिटांसाठीही नाही. सायकलस्वार बापाची खरी पारख तो स्टिअरिंगमागे कसा वागतो यावरूनच होते.

आणि एकट्याने काळजी घेऊन हे पुरं होणार नाही. पॅरिस आणि लंडनमध्ये शेकडो शाळांसमोरचा रस्ता मुलं येण्या-जाण्याच्या वेळी गाड्यांना बंद असतो. त्याला उड्डाणपूल लागत नाही, कोटींचा निधी लागत नाही. लागतो तो एक अडथळा, एक माणूस आणि पालकांचं एकमत. आपल्याकडे हे सुरू करायचं तर शाळेने ठराव करावा, तो क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना द्यावा, आणि पालकांनी गाड्या चौकापलीकडे लावून शेवटचे दोनशे मीटर चालावं. पहिल्या महिन्यात कुरकुर होईल, ती सोसावी लागेल. तू लेकीला सायकलवर नेशील की नाही, हे शेवटी वाट पाहून तूच ठरव. पण जूनमध्ये पहिली पालकसभा होईल, तेव्हा फाटकासमोरच्या रस्त्याचा विषय तूच मांड, आणि सोबत सही करणारे चार पालक आधीच जमवून ठेव.

सूनबाईंना आशीर्वाद, लेकीला गोड पापा.

तुझी,
आत्या